वंशावळ संगणकावर चढवताना: सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं आणि कुणाला किती दाखवायचं

ठाणे-नवी मुंबईत वंशावळीची चौकशी करणारे लोक मला साधारण दोन वाटांनी भेटतात. एकांना कागद लागलेला असतो. जात पडताळणीचं प्रतिज्ञापत्र असतं, वारस फेरफार असतो, नाहीतर सिडको संपादित जमिनीच्या बदल्यात देते त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरचं आजोबांचं नाव असतं. दुसऱ्यांना आजी गेल्यावर जाणवतं, की आता पणजीचं माहेर सांगणारं घरात कुणी उरलं नाही. दोघेही शेवटी एकच प्रश्न विचारतात: सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं आणि ते मी खाली देणारच आहे. पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. ही माहिती कुणाची आणि ती कुठे राहणार? वंशावळीत तुम्ही एकटे नसता. दोनशे माणसांच्या झाडात दीडशे जणांना आपलं नाव कुठे चढलंय याचा पत्ताही नसतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की मूळ झाड आपल्या घरच्या संगणकावर असावं आणि बाहेर जाईल ती त्याची छाटलेली प्रत असावी. पुढची सगळी पद्धत याच धोरणावर बेतलेली आहे.

आधी माणसं, मग कागद, मग संगणक

सॉफ्टवेअर उतरवून घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापाशी बसा. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण विचारून लावा. "तुमच्या आजोबांचं नाव काय?" असं सरळ विचारलं की म्हातारी माणसं गडबडतात. त्याऐवजी पितृपक्षाबद्दल विचारा. घरात कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला होतं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाक केला त्या बायकांना अचूक ठाऊक असतं. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, आईकडच्या पिढ्यांचाही होतो. त्यामुळे ज्या घरात श्राद्ध नेमाने होतं तिथे पणजोबांपर्यंतची नावं बहुतेक वेळा तयार मिळतात.

तिथीतून आणखीही कळतं. एखाद्या आजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असे, याचा अर्थ ती नवऱ्याच्या आधी गेली. चतुर्दशीला असेल तर मृत्यू अपघाती असण्याची शक्यता आहे. सर्वपित्रीला असेल तर घरात मृत्यूची तिथीच माहीत नसावी. साल सापडत नसताना असा एखादा धागाही फार उपयोगी पडतो.

साल विचारताना मोठ्या घटनांचा आधार घ्या. "मानमोडीच्या साथीत गेले" म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. "प्लेगात गाव सोडलं" म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षं. "गोदीत स्फोट झाला तेव्हा बाबा पोटात होते" असं कुणी सांगितलं, तर तो स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, आणि जन्म त्यानंतरच्या काही महिन्यांतला.

मग कागद. शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंद, फेरफाराची नोंदवही म्हणजे नमुना ६, वारस नोंदी म्हणजे ६ क, आणि सातबारा. स्कॅन केलेले जुने महसुली कागद काही जिल्ह्यांसाठी ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर मिळतात. घरी बसून पाहता येण्यासारखं ते आधी पाहा आणि मगच तहसीलला जा. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवह्या विचाराव्यात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. त्यांच्या नामावळीत तिथे आलेल्या पूर्वजांची नावं असतात, क्वचित सहीसुद्धा.

सातबारा वाचताना दोन खुणांकडे लक्ष द्या. नावापुढे ‘अ. पा. क.’ असेल तर ती व्यक्ती त्या वेळी अज्ञान, म्हणजे वयात न आलेली होती आणि सोबतचं नाव पालकाचं आहे. ‘ए. कु. मॅ.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर होता. तिथे नाव एकाचंच दिसतं, पण पाठीमागे भावंडं असतात. सातबाऱ्यावर एकच नाव बघून "पणजोबा एकुलते एक" असं झाडात लिहून टाकलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. मोडीतल्या कागदांत ‘पांडू बिन गोविंद’ म्हणजे गोविंदचा मुलगा पांडू आणि ‘काशी कोम पांडू’ म्हणजे पांडूची बायको काशी. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण मूळ कागदाचा फोटो स्वतःजवळ ठेवा. वाचणाऱ्याचं वाचन हे एक मत असतं, पुढे कुणी दुसरं वाचू शकतं.

एक भौगोलिक बाब इथेच सांगते, कारण नवी मुंबईकरांची यात हमखास पायपीट होते. घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर ही गावं ठाणे तालुक्यातली. पनवेल आणि उरण रायगड जिल्ह्यातले, आणि त्या जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव कुलाबा. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ ची, ठाणे महानगरपालिका १९८२ ची, पालघर जिल्हा २०१४ चा. आजोबांची जन्मनोंद आजच्या महापालिकेत शोधण्याआधी, त्या साली ते गाव कुणाच्या हद्दीत होतं ते पाहा.

नावं कशी भरायची

परदेशी सॉफ्टवेअर नाव आणि आडनाव असे दोनच कप्पे देतं. आपलं नाव तीन पदांचं, आणि बाईचं नाव लग्नात पूर्ण बदललेलं. सुरुवातीलाच नियम ठरवून घेतला नाही तर शंभर नोंदींनंतर सगळं निस्तरत बसावं लागतं.

मी असं सुचवते. पहिल्या कप्प्यात फक्त स्वतःचं नाव घाला, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाही. ते नातं झाडात तसंही दिसतंच. बाईचं मुख्य नाव माहेरचं ठेवा आणि सासरचं नाव, आडनावासह, पर्यायी नाव म्हणून जोडा. कागदपत्रांत ती सासरच्याच नावाने सापडणार असते, त्यामुळे पर्यायी नाव भरायला आळस करू नका. माहेरचं नाव कळलं नाही तर तो कप्पा रिकामा ठेवा. सासरचं नाव तिथे घातलंत तर उद्या कुणीतरी दोन जावांना बहिणी करून टाकेल.

पाटील आडनावाच्या बाबतीत जास्त सावध राहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत पाटील ही अनेकदा मिळालेली उपाधी असते. घणसोलीच्या एका घरात थोरली पाती पाटील लावते, धाकटी म्हात्रे लावते, आणि दोघांचे खापरपणजोबा एकच. अशा वेळी प्रत्येकाला तो स्वतः लावतो तेच आडनाव द्या आणि दुसरं पर्यायी म्हणून नोंदवा. सगळ्यांना एका आडनावात ओढू नका, भावकीत त्यावरून माणसं दुखावतात.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत संगणकाला कळत नाही. पांडुरंग गोविंद, मग गोविंद पांडुरंग, मग पुन्हा पांडुरंग गोविंद. दोघांमध्ये पन्नास-साठ वर्षांचं अंतर असतं आणि सॉफ्टवेअर त्यांना एकच समजून जोडायला निघतं. म्हणून साल माहीत नसलं तरी अंदाजे साल भरा आणि ते अंदाजे आहे असं लिहा.

शके सालात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतं, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात पडते, तेव्हा एकोणऐंशी मिळवा. शके १८४० मधला माघ १९१९ मध्ये येतो. फसली, म्हणजे जुन्या महसुली कागदांतलं साल असेल तर आपल्याकडे साधारण ५९० मिळवतात. रूपांतर करून तारीख भरलीत तरी मूळ तिथी टिपणीत जशीच्या तशी लिहून ठेवा. रूपांतर चुकू शकतं, मूळ नोंद गेली की गेली.

दत्तक, दुसरं लग्न, मामेबहिणीशी झालेलं लग्न, हे सगळं चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये बसतं. दत्तकाला जन्माचे आणि दत्तक आई-वडील दोन्ही देता येतात. आणि मुली गाळू नका. जुन्या छापील कुलवृत्तांतांत अनेकदा मुलींच्या जागी ‘दोन कन्या’ एवढंच असतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. त्यामुळे मुली नसलेली वंशावळ अपुरी तर असतेच, भांडणाचं मूळही होते.

सॉफ्टवेअर: लोक काय म्हणतात, माझं मत काय

उत्तर आधी देते. घरच्या मूळ प्रतीसाठी ग्रॅम्प्स.

ग्रॅम्प्स मुक्त स्रोताचं आहे, फुकट आहे, २००१ पासून विकसित होतंय आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. माहिती तुमच्याच संगणकावर राहते. देवनागरीत नावं लिहिता येतात. प्रत्येक नोंदीला पुराव्याचा संदर्भ जोडता येतो आणि त्या पुराव्यावर तुमचा भरवसा किती, तेही नोंदवता येतं. ठिकाणांची उतरंड करता येते, म्हणजे गाव आधी कुलाबा जिल्ह्यात आणि नंतर रायगडमध्ये हे तारखेसह दाखवता येतं. लोकांची तक्रार एकच, आणि ती रास्त आहे: पहिल्या दिवशी घाबरायला होतं. आपण सरळ झाड काढायला बसतो आणि समोर याद्या येतात: माणसं, कुटुंबं, घटना, ठिकाणं, संदर्भ. उपाय सांगते. पहिल्या आठवड्यात फक्त ‘माणसं’ आणि ‘कुटुंबं’ या दोन याद्या वापरा. आई, वडील आणि मुलं मिळून एक कुटुंब, असं घालत जा. बाकीचं आपोआप कळायला लागतं.

मायहेरिटेज आणि अ‍ॅन्सेस्ट्री या पैसे घेणाऱ्या मोठ्या सेवा. फोनवर सहज चालतात, झाड देखणं दिसतं, तरुण मुलं लगेच हात घालतात. मायहेरिटेजच्या फुकट खात्यात २५० माणसांची मर्यादा आहे, आणि आपल्याकडची भावकी घेतली तर ती लवकर भरते. मग वर्गणी भरा नाहीतर थांबा. त्यांचा खरा जोर जुन्या नोंदींच्या साठ्यावर आहे, आणि तो साठा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेचा. कोकणातल्या किंवा बेलापूर पट्टीतल्या शेतकरी कुटुंबाला त्यातून फारसं हाती लागत नाही. अमेरिकेत तीन पिढ्या झालेल्या नातेवाइकांची फांदी शोधायची असेल तर उपयोग होतो. फक्त झाड ठेवण्यासाठी दरवर्षी पैसे भरावेत असं मला वाटत नाही.

जेनी, फॅमिलीसर्च आणि विकिट्री यांची कल्पना निराळी आहे: सगळ्या जगाचं मिळून एक झाड. जेनी २०१२ मध्ये मायहेरिटेजने घेतली. फॅमिलीसर्च अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स चर्चची, पूर्ण फुकट. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म चर्चच्याच वंशावळ संस्थेने काढून ठेवले आहेत, त्यामुळे तिथे एकदा शोधून जरूर पाहावं. पण फॅमिलीसर्चवर मृत व्यक्तीची नोंद कुणीही बदलू शकतं, हे घालण्याआधी लक्षात घ्या. तुमच्या पणजोबांना दुसऱ्या कुणाचा मुलगा करून ठेवलेलं एखाद्या सकाळी दिसू शकतं. जिवंत व्यक्तीची नोंद मात्र ती भरणाऱ्यालाच दिसते. विकिट्रीवरही जिवंत माणसांच्या नोंदी बंद ठेवाव्या लागतात आणि पुरावा देण्यावर भर आहे, ही शिस्त मला आवडते.

भावकीतल्या पाच-सहा जणांनी मिळून एकच झाड वाढवायचं असेल आणि घरात कुणी संगणकातला जाणकार असेल, तर वेबट्रीज किंवा ग्रॅम्प्स वेब हे ब्राउझरमध्ये चालणारं वंशावळीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. कुणाला किती दिसावं हे तिथे तुम्ही ठरवता. जाणकार नसेल तर या वाटेला जाऊ नका. अर्धवट बसवलेला, सुरक्षेच्या दुरुस्त्या न केलेला सर्व्हर उघड्या कपाटाइतकाच धोक्याचा.

जेडकॉम फाइल, आणि ती बाहेर काढून पाहणं

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात झाड न्यायचं तर जेडकॉम नावाची साधी मजकुराची फाइल असते. हा नमुना फॅमिलीसर्चवाल्या लॅटर-डे सेंट्स चर्चने १९८४ मध्ये काढला आणि आज जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर तो वाचतात. कुठलीही सेवा घेण्याआधी मी एक परीक्षा करायला सांगते: पाच माणसं भरा, जेडकॉम बाहेर काढा, ती नोटपॅडमध्ये उघडा. नावं देवनागरीत नीट दिसली तर पुढे जा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल जुन्या अक्षरसंचात निघाली आहे. निर्यातीच्या पर्यायांत यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या चालणारा अक्षरसंच, निवडून पुन्हा काढा. जेडकॉमच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचं आहे, पण पुष्कळ सॉफ्टवेअर अजून ५.५.१ या आधीच्या आवृत्तीवरच चालतात.

फोटोंच्या बाबतीत फसगत होते. ५.५.१ च्या जेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता जातो. आजीचा एकुलता एक फोटो त्या फाइलबरोबर गेला असं समजून मूळ पुसू नका. ग्रॅम्प्समध्ये फोटोंसह पूर्ण पॅकेज काढण्याचा वेगळा पर्याय आहे, घरच्या साठवणीसाठी तोच वापरा.

ही परीक्षा करायला मी इतकं का बजावते? पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल हे एकेकाळी जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर जुलै २०१३ मध्ये बंद केलं गेलं. फॅमिली ट्री मेकरची विक्री थांबवत असल्याचं अ‍ॅन्सेस्ट्रीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीला विकलं. ज्यांच्या हाती स्वतःची फाइल होती त्यांचं काहीच बुडालं नाही.

तीन प्रती

आता मुख्य काम. घरची प्रत, भावकीची प्रत आणि जगासाठीची प्रत.

घरच्या प्रतीत सगळं असतं: जन्मतारखा, पत्ते, आजारपणं, दत्तक, मोडलेली लग्नं, आत्महत्या. ती एका किंवा दोन माणसांकडे राहते. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीवर कुलूप असतं, नाजूक नोंद भरतानाच ते लावून टाका. नंतर लावू म्हटलं की राहून जातं.

भावकीच्या प्रतीत जिवंत माणसांची नावं आणि नाती असतात, फार तर जन्मसाल आणि गाव. पूर्ण जन्मतारीख नाही, फोन नाही, पत्ता नाही, अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो आणि शाळा तर अजिबातच नाहीत. ग्रॅम्प्समधून फाइल काढताना खाजगी नोंदी गाळायचा आणि जिवंत माणसांचे तपशील झाकायचा पर्याय मिळतो. मृत्यूची नोंद नसेल आणि जन्म फार जुना नसेल तर सॉफ्टवेअर माणूस जिवंत धरतं, त्यामुळे गेलेल्यांचं निदान ‘मृत’ एवढं तरी भरा. जगासाठीच्या प्रतीत जिवंत कुणीच नसतं.

एवढी काळजी कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगते. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावा. ओळख पटवायला काय विचारतात? जन्मतारीख आणि आईचं नाव. केवायसीच्या फॉर्मवरही आईचं नाव असतं. आता कुलसंमेलनासाठी बनवलेली एखादी पीडीएफ डोळ्यांसमोर आणा: प्रत्येक चौकोनात पूर्ण नाव, जन्मतारीख, खाली मोबाइल, वर आई-वडील. ती व्हॉट्सअ‍ॅपवर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली की शे-दीडशे माणसांच्या ओळखपडताळणीची उत्तरं एका फाइलमध्ये फिरायला लागतात. बेलापूर पट्टीत यात जमिनीची भर पडते. सिडकोसाठी संपादन झालेल्या गावांत साडेबारा टक्क्यांचे भूखंड अजून आजोबा-पणजोबांच्या नावाने अडकलेले आहेत, आणि कुठल्या पातीत वारस कोण, कोण परदेशात, कोण निपुत्रिक गेलं, ही माहिती दलालाला सोन्यासारखी असते. संपादित जमिनींसाठी झालेल्या, उरणजवळच्या जासईच्या १९८४ च्या शेतकरी आंदोलनात माणसांनी जीव दिले तेव्हा पुढे हा हक्क मिळाला. त्याचा नकाशा आपणच उघड्यावर टाकू नये.

ऑनलाइन सेवा फुटतातही. मायहेरिटेजच्या ९.२ कोटींहून अधिक वापरकर्त्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं जून २०१८ मध्ये उघड झालं. तिथली झाडं त्यात गेली नव्हती असं कंपनीने सांगितलं. तरी खातं उघडाल तिथे वेगळा पासवर्ड ठेवा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा.

विचारायचं कसं

परवानगी मागणं अवघड वाटतं, म्हणून लोक टाळतात. एक मजकूर देते, आपल्या घराप्रमाणे बदलून घ्या:

"नमस्कार काका. आपल्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं आणि नाती त्यात घेते. जन्मतारीख आणि फोटो तुम्ही हो म्हणालात तरच. ही भावकीतच राहील, इंटरनेटवर टाकणार नाही. कुणाचं नाव नको असेल तर निःसंकोच सांगा, काढून टाकेन."

उत्तर आलं की तारखेसह त्या माणसाच्या टिपणीत लिहा. उत्तर आलंच नाही तर नाव आणि नातं घरच्या प्रतीत ठेवा, भावकीच्या प्रतीत ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच दाखवा. घटस्फोटित आत्याला, आंतरजातीय लग्नामुळे घराशी संबंध तुटलेल्या चुलतभावाला स्वतः फोन करा, तिसऱ्याकरवी निरोप नको. एका आत्याने मला सांगितलं होतं, "माझं नाव घाल. नवऱ्याचं नाव घालायचं की नाही ते माझ्या मुलीला विचार, तिचा बाप आहे तो." मुलीने हो म्हटलं आणि ते नाव झाडात आहे.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने घरगुती किंवा खाजगी कामासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे, त्यामुळे तुमची घरची वंशावळ त्यात येत नाही. पण ज्ञातिमंडळाने, कुलमंडळाने सभासदांची वंशावळ संकेतस्थळावर टाकली तर तिला घरगुती म्हणणं कठीण आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी संमतीचे फॉर्म आत्तापासून भरून घ्यावेत, आणि अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी.

जुळणीची सूचना आली की

ऑनलाइन झाड चढवलं की काही दिवसांत सूचना येतात: तुमचे पूर्वज आणखी कुणाच्या झाडात सापडले. आनंद होतो आणि बोट ‘स्वीकारा’वर जातं. थांबा. तीन गोष्टी जुळतात का पाहा: मूळ गाव, बायकोचं नाव आणि किमान एका भावाचं नाव. नुसतं नाव-आडनाव जुळणं आपल्याकडे काहीच सिद्ध करत नाही. कुलदैवत आणि देवक किंवा गोत्र जुळलं तर शक्यता वाढते, पुरावा अजून हवाच. समोरच्या झाडात संदर्भ नसेल तर त्या माणसाला निरोप पाठवून विचारा, "हे कुठून मिळालं?" उत्तर "दुसऱ्या झाडातून घेतलं" असं आलं तर ते घेऊ नका. चुकीची एक जुळणी स्वीकारली की तिच्यामागून पन्नास परकी माणसं तुमच्या झाडात येतात, आणि मग तुमच्याकडून ती आणखी कुणी उचलतं.

डीएनए चाचणीबद्दलही विचारणा होते. झाड जमवण्यासाठी मी ती सुचवत नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती जुन्या चोरीच्या पासवर्डांनी उघडली गेली, आणि नातेवाईक दाखवणाऱ्या सुविधेतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तुमच्या थुंकीत तुमच्या भावंडांचीही माहिती असते, आणि पासवर्डासारखी ती बदलता येत नाही.

सरकारी कामासाठी

सॉफ्टवेअरमधली प्रिंट हा पुरावा नाही. जात पडताळणीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यातल्या प्रत्येक पिढीला जोडणारा कागद लागतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांपूर्वीच्या नोंदींना वजन असतं. सॉफ्टवेअरचा फायदा असा, की कुठल्या पिढीला कागद आहे आणि कुठली नुसत्या सांगण्यावर उभी आहे, हे एका नजरेत कळतं. प्रतिज्ञापत्रात फक्त लागणारी सरळ रेघ द्या. सगळ्या भावकीचं झाड जोडायची गरज नसते, आणि ज्यांचा त्या अर्जाशी संबंध नाही त्यांची नावं सरकारी फाइलमध्ये कशाला?

साठवण आणि पुढचा माणूस

महिन्यातून एकदा पूर्ण पॅकेज काढा. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या प्रतीला पासवर्ड लावा. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, फोटो दिसतात का तपासा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

भावकीला देताना प्रत्येक पीडीएफवर तारीख घाला, म्हणजे जुनी प्रत फिरत असेल तर ओळखता येते. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या अक्षरांत छापून द्या. कागदावर ती पेनाने दुरुस्त्या करतात आणि त्यातून जेवढं नवं हाती येतं तेवढं कुठल्याही अ‍ॅपमधून येत नाही. छपाईआधी एका पानाची पीडीएफ काढून जोडाक्षरं नीट उमटतात का ते पाहा.

आणि ही फाइल तुमच्यानंतर कुणाकडे जाणार ते आत्ताच ठरवा. भाचीला, पुतण्याला, ज्याला गोडी असेल त्याला. संगणक शेजारी घेऊन एक दुपार त्याच्याबरोबर बसा, पासवर्ड कुठे लिहिलाय ते दाखवा, कोणत्या नोंदींना कुलूप आहे आणि का, ते तोंडी सांगा. कुणाला काय दाखवणार नाही असा शब्द तुम्ही दिला असेल, तर त्या माणसाच्या टिपणीत तो लिहिलेला असू द्या.